नऊ मशिनींची घड्याळं

ज्यांनी मला सांभाळून घेतलं त्यांच्याबद्दल आधी लिहितो, घडलं ते मागून. त्या चंद्रपूरच्याच, मुस्लिम घरातल्या. वडिलांचं बाजारात विजेच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान होतं, आणि आपण तांब्याच्या तारा गुंडाळता गुंडाळता अभ्यास केला असं त्या हसत सांगायच्या. नागपूरच्या एका कंपनीत नोकरीला होत्या. एका मशीनवरचा डेटाबेस उचलून दुसऱ्या मशीनवर नीट बसवून द्यायचा, हे त्यांचं काम. वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. आमच्या ऑफिसात सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही मॅडमच म्हणायचो. त्या मला भाऊ म्हणत. आठ वर्षांत त्या ऑफिसात मला भाऊ म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. बाकीच्यांसाठी मी 'सांगलीवाला'.

मी सांगली जिल्ह्यातला, जतच्या बाजूचा. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. मग ट्रकवर क्लीनर झालो, थोडी गाडी चालवायला शिकलो. एकदा बल्लारपूरला कागद भरायला आलो असताना इंजिन बसलं. मालकानं फोनवरच सौदा करून गाडी इथंच विकून टाकली, आणि मी गाडीबरोबर इथंच राहिलो. तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. परत जायला तोंड नव्हतं असं काही नाही, पण परत जाऊन करायचं काय हेही कळत नव्हतं. एका वजनकाट्यावर काम मिळालं, ते धरलं.

ती कंपनी ट्रकांची वजनं करायची. चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून तिचे नऊ काटे. कुठं बांबू, कुठं धान, कुठं कोळसा. ज्या वर्षी नवा काटा सुरू झाला त्या वर्षी त्याच्यासाठी एक नवी मशीन घेतलेली, म्हणून काटे नऊ तशा मशिनीही नऊ. त्या सगळ्या चंद्रपूरच्या ऑफिसात एका खोलीत ठेवलेल्या होत्या आणि लाइनवरून काट्यांशी जोडलेल्या. दोन वर्षांनी कंपनीच्या साहेबांनी मला काट्यावरून उचललं आणि त्या खोलीत बसवलं. शिक्षण लागत नव्हतं. थंडावा बघायचा, बॅटऱ्या बघायच्या, जी मशीन अडकली तिला परत सुरू करायचं, आणि काट्यावरून फोन आला की उचलायचा.

खोली पूर्वी लाकडाच्या व्यापाऱ्याची तिजोरीची खोली होती. खिडकी नाही. लोखंडी दार आपोआप लागायचं आणि आतून उघडायला कार्ड दाखवावं लागायचं. लाइट गेली की कार्ड चालायचं नाही, मग बाहेरून कुणी येईपर्यंत मी आणि नऊ मशिनी. बाहेर मे महिन्यात डांबर बुटाला चिकटायचं आणि मी आत स्वेटर घालून बसलेला असायचो. नऊ पंख्यांचा आवाज इतका की घरी गेल्यावरही कानात चालू असायचा. मशिनींतली कुठली ना कुठली रोज रुसायची. सुट्टी मागितली की साहेब म्हणायचे, "जा ना. पण ह्या मशिनी घेऊन जा संग." वडील वारले तेव्हा गेलो. तिसऱ्या दिवशी दोन मशिनी एकदम बंद पडल्या, फोन आला, आणि दहावा न करता मी गाडीत बसलो. आई काही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं असं अजून वाटतं.

आता घड्याळांचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे.

त्या मशिनींमधला प्रोग्राम नागपूरच्या एका माणसानं बनवलेला. तो माणूस दुकान बंद करून कुठं निघून गेला कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या प्रोग्रामला एकच सवय होती: बरोबर सहा वाजता दिवस बंद करायचा. दिवसभराच्या नोंदी काट्यावरच्या कॉम्प्युटरशी ताडून बघायच्या आणि कुलूप लावायचं. सहा वाजता काट्यावर लाइट नसली तर ताडणं अर्धवट राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटा उघडायचाच नाही. ट्रकांची रांग लागायची, ड्रायव्हर आई-बहिणीवरून सुरू व्हायचे. आणि लाइट तर गोंडपिपरी रस्त्यावरच्या काट्यावर रोज साडेपाचलाच जायची. तिथला काटाबाबू मला फोन करायचा, "भाऊ, गेली ना जी. आता उद्या सकाळी माह्या नावानं शिमगा."

सहाची वेळ प्रोग्राममध्ये बदलता येत नव्हती. मशीनचं घड्याळ मात्र बदलता येत होतं.

हे मला सुचलं ते मी भाड्यानं राहायचो त्या घरामुळं. घरमालक बल्लारपूरला खाणीत कामाला. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढं. पहिल्या दिवशी मी सांगितलं, काका, घड्याळ चुकलंय. काकू म्हणाल्या, "चुकलं नाई, मीच पुढं ठेवलं. नाईतं ह्या माणसाची पाळी चुकते." नंतर बघितलं तर त्या आळीत सगळ्यांचीच घड्याळं पुढं. कुणाचं दहा मिनिटं, कुणाचं अर्धा तास. शेजारी वेळ विचारायला आला तर दोघं आपापले आकडे वजा करून बोलायचे, आणि कुणाला त्यात खोटं वाटायचं नाही. मलाही वाटलं नाही.

मी गोंडपिपरी रस्त्याच्या काट्याची मशीन एक तास पुढं केली. लाइट जाण्याआधीच तिचे सहा वाजले, दिवस बंद झाला, सकाळी काटा उघडला. काटाबाबू खूश. मग दुसऱ्या काट्याची मशीन पन्नास मिनिटं, तिसऱ्याची अर्धा तास, असं करत पाच मशिनींची घड्याळं पुढं गेली. लाइटच्या वेळा महिन्या-दोन महिन्यांनी बदलायच्या, की मी मिनिटंही बदलायचो. विसरू नये म्हणून एका शाळेच्या वहीत लिहून ठेवायचो: कुठली मशीन, कुठल्या तारखेपासून, किती मिनिटं. साहेबांना सांगितलं नाही. काटे वेळेवर उघडत होते, कोण विचारणार? ट्रक दोन काट्यांवर वजन व्हायचा, निघताना आणि पोचल्यावर, पण दोन्ही पावत्या जुळवणारा कारकून फक्त वजन बघायचा. वेळ कुणी बघितलीच नाही.

मग मॅडम आल्या. म्हणजे येणार असं आधी कळलं. सगळ्या मशिनींची तपासणी होणार, असं साहेब म्हणाले. त्या आठवड्यात मी पाचही घड्याळं गुपचूप बरोबर करून ठेवली, आणि रोज साडेपाचच्या आत काट्यांना फोन लावून दिवस हातानं बंद करायला लागलो, जे खटाटोपाचं काम टाळायलाच घड्याळं पुढं केली होती. घड्याळं पुढं ठेवली होती त्यापेक्षा ती परत फिरवली हे वाईट. पहिलं मी कामासाठी केलं होतं, दुसरं स्वतःला वाचवायला.

पहिल्याच बैठकीत मॅडमनी साहेबांना समजावून सांगितलं. मी दाराशी उभा होतो.

"समजा सर, तुमचे नऊ ट्रक रोज निघतात. दरेकात दोन-दोन पोते. टोल मालावर नाई लागत, चाकांवर लागते. तं तुम्ही अठरा पोत्यांसाठी नऊ ट्रकच्या चाकांचा टोल भरून राह्यले."

साहेब म्हणाले, "येडा आहे काय मी?"

"येडे नाई सर, पण भरून तं राह्यले. डेटाबेसवाली कंपनी तसाच टोल घेते. मशीनच्या आत हिशोब करणारे जितके कोर, तितके पैसे. ते कोर काम करोत का झोपा काढोत. आता आपण एकच दमदार गाडी घेऊ. चाकं कमी, इंजिन मोठं. सगळे पोते तिच्यात. अन् तशीच एक बाजूले उभी, पहिली थकली तं."

"म्हणजे नवाच्या दोन." साहेब माझ्याकडं वळले. "काऊन रे सांगलीवाले? तू तं नऊ जणींचा नवरा. दोघीच राह्यल्या तं तुयं काय काम?"

सगळे हसले. मीही हसलो. ह्या नऊ मशिनींनी मला बापाच्या दहाव्याला थांबू दिलं नव्हतं, आणि आता त्या जाणार म्हटल्यावर मला त्यांच्याच पायाशी बसून राहावंसं वाटत होतं. चौतीस वर्षांचा, आठवी शिकलेला, मशीन परत सुरू करणे एवढंच येणारा माणूस कुठं जाणार?

डेटाबेसवाल्या कंपनीचा जुना परवाना ठरावीक तारखेला संपत होता. त्याच्या आत नव्या मशिनी सुरू झाल्या तर बरं. नाही झाल्या तर नऊच्या नऊ मशिनींसाठी पुढच्या तिमाहीचे पैसे परत भरायचे, आणि करारात लिहिलं होतं की उशीर मॅडमच्या कंपनीमुळं झाला तर ते पैसे त्यांनी द्यायचे. हे सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी सकाळी पहिली चाचणी झाली. नऊ डेटाबेसची नक्कल नव्या मशीनवर उतरवली. त्या मशीनवरचा नवा प्रोग्राम जुन्यासारखा आंधळा नव्हता. तो एकाच ट्रकच्या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघायचा. पडद्यावर लाल ओळी सुरू झाल्या त्या थांबेचनात. बांबूचा ट्रक गोंडपिपरी रस्त्यावरून दोन वाजता निघाला आणि बल्लारपूरला पावणेदोनला पोचला. असे शेकड्यांनी.

मॅडमनी काटाबाबूला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. "तिथून इथं यायले किती वेळ लागते, भाऊ?"

"पाऊण तास लागते जी. मधात वाघ बसला रस्त्यात तं मंग त्याच्या मर्जीवर."

"तुमचा ट्रक निघायच्या आधी पोचून राह्यला."

"बाप्पा! बांबूचा ट्रक हाये मॅडम, विमान नाई."

मॅडम हसल्या. मी मान खाली घातली. साहेब आत आले, दार त्यांच्या मागं लागलं, आणि साहेब दाराच्या अन् माझ्या मध्ये उभे राहिले. "ह्या मशीनमध्ये कोणी काही बदललं होतं का रे?"

"नाई साहेब."

सोपं होतं. तोंडातून आपोआप निघालं. घड्याळं तर आता बरोबर होती, कुणीही बघावं.

मॅडमना वाटलं आपल्या नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चूक आहे. तीन दिवस त्या त्याच्यामागं लागल्या. एकेक ओळ वाचायच्या, परत नक्कल काढायच्या, परत तेच लाल. माझ्या टेबलासमोर बसूनच हे चाललेलं. मी चहा आणून द्यायचो, त्या "भाऊ, तुम्ही पण घ्या" म्हणायच्या, आणि माझा चहा तसाच गार व्हायचा. खोली तीच, पण त्या तीन दिवसांत ती मला एवढी लहान वाटली की पाय कुठं ठेवावा कळेना. बोललो तर नोकरी जाते. वजनाच्या पावतीवरची वेळ बदलणं म्हणजे पोलिसांचं काम असेल की काय, हेही धड माहीत नव्हतं. नाही बोललो तर ही बाई माझ्यासमोर रोज थोडी थोडी खचत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या वरिष्ठांचा फोन आला. स्पीकर चालू नव्हता तरी आवाज माझ्यापर्यंत आला. "आपसे नहीं हो रहा तो बोल दीजिए, किसी और को भेजते हैं."

"दो दिन सर," मॅडम म्हणाल्या. फोन पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "माहीत आहे का भाऊ, मले वाटते मले आता हे काम येतच नाई."

मी उठलो, ड्रॉवरमधून वही काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. काय बोललो ते नीट आठवत नाही. लाइट, सहा वाजता, एक तास, असं काहीतरी तुटक. शेवटी एवढं म्हणालो की घड्याळं मीच पुढं केली होती आणि तुम्ही येणार म्हणून मीच मागं केली.

मॅडमनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मला वाटलं आता ओरडतील, नाहीतर साहेबांना बोलावतील. त्यांनी विचारलं, "ह्यात सगळ्या तारखा आहेत?"

"दोन महिन्यांची पानं भिजून गेली. बाकीच्या आहेत."

"तीन दिवस माह्या समोर बसले होते तुम्ही."

"हो."

"तीन दिवस, भाऊ." एवढंच म्हणाल्या. मग खुर्ची ओढून घेतली, वही मध्ये ठेवली. "चला. वाचा तुम्ही, मी टाकते."

दोन दिवस आम्ही तेच केलं. जुन्या नोंदीतली वेळ त्यांनी बदलली नाही. ती जशी होती तशीच ठेवली, शेजारी एक नवा रकाना केला, आणि त्यात मिनिटं वजा करून खरी वेळ बसवली. मी म्हणालो, सरळ जुनीच दुरुस्त करा ना. म्हणाल्या, "पावती जे बोलली ते बोलली. ते पुसायचं नाई. आपल्याले काय समजलं ते बाजूले लिहायचं."

भिजलेल्या दोन महिन्यांसाठी काटाबाबूला विचारलं. तो म्हणाला, "लाइटच्या वेळा मी भिंतीवर कोळशानं लिवून ठेवतो ना जी."

मी उडालोच. "मग सांगा की!"

"पण पोळ्याले भिंतीले चुना मारला."

मी म्हणालो, अंदाजानं एक तास धरू. मॅडमनी मान हलवली. त्या दोन महिन्यांच्या रकान्यात त्यांनी 'माहीत नाही' असं भरलं, हजारो नोंदींसमोर. "नाई माहीत तं नाई माहीत लिहायचं. त्यात लाज कायची?"

लाल ओळी गेल्या. पण परवान्याची तारीखही गेली होती.

साहेबांच्या केबिनमध्ये मॅडम, त्यांचे वरिष्ठ आणि मी. मला कशाला बोलावलं होतं कळत नव्हतं. वाटलं, आज निकाल. वही शर्टाच्या आत होती, ती छातीला घट्ट लागत होती. साहेबांनी विचारलं, नक्की झालं काय होतं?

"पाच मशिनींची घड्याळं पुढं होती," मॅडम म्हणाल्या. "जुन्या नोंदींच्या वेळा एकमेकींशी ताडून मी पहिल्या हप्त्यात बघायले पाहिजे होतं. माह्याकडून राहून गेलं. उशीर त्याच्यानं झाला."

साहेब म्हणाले, "जुन्या मशिनी. घड्याळाचे शेल संपले असन."

मॅडम हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. माझ्याकडं बघितलंही नाही. त्यांच्या वरिष्ठांनी डायरीत काहीतरी लिहिलं. मला तोंड उघडायचं होतं. देवाशपथ उघडायचं होतं. शर्टावरून वही दाबून धरली, आणि बैठक संपली.

बाहेर जिन्यात मी त्यांना गाठलं. "मॅडम, काऊन केलं असं?" 'का' साठीचा त्या भागातला तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला असेल.

"खोटं कुठी बोलली मी? बघायले पाहिजेच होतं मले." त्या पायरीवर थांबल्या. "तुमची नोकरी मी वाचवली असं समजू नका. मी फक्त तुमचं नाव नाई घेतलं. ते तुम्ही घ्यायचं. आज जमलं नाई, दिसलं मले. जमन तेव्हा घ्या."

त्यांनी अहवालात लिहिलं की जुन्या मशिनींच्या खोडी जाणणारा माणूस अजून वर्षभर लागेल. ते वर्ष संपलं, पण साहेबांनी मला काढलं नाही. नव्या मशीनवर रोजची नक्कल तपासायचं काम मी शिकून घेतलं होतं, तेही मॅडमकडूनच, फोनवर. नऊ मशिनी भंगारात गेल्या. खोलीत आता दोनच आहेत आणि बाकी लोखंडी सांगाडे रिकामे. त्या दोघी रुसत नाहीत. दिवाळीला आठ दिवस घरी गेलो तर एकही फोन आला नाही. मी मात्र आठही दिवस फोन हातात धरून बसलो होतो. आई म्हणाली, "ठेव की तो खाली." ठेवता आला नाही. अजूनही साहेब आत आले आणि दार त्यांच्या मागं लागलं की वाटतं, आता विचारतील. ते थंडावा किती आहे एवढंच विचारतात.

मागच्या महिन्यात मॅडमशी बोलणं झालं. हैदराबादचं मोठं काम त्यांना मिळायचं होतं, ते दुसऱ्याला दिलं गेलं. उशिराची नोंद त्यांच्या नावावर आहे, आणि त्या तिमाहीचे पैसे त्यांच्या कंपनीला भरावे लागले होते. हल्ली त्या ऑफिसात बसून लोकांच्या तक्रारींचे फोन घेतात. हे त्यांनी सांगितलं नाही, मी खोदून काढलं. "होते जी भाऊ, चालते," म्हणाल्या, आणि माझ्या आईची तब्येत विचारली.

मी हे लिहिलंय, पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मलाही कळतं. ज्यांनी डायरीत लिहिलं त्यांनी हे वाचायचं कारण नाही. म्हणून मॅडम, तुम्हाला शब्द देतो. एक दिवस मी आधी आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये जाईन आणि मग नागपूरला तुमच्या कंपनीत येईन, आणि तुमच्या वरिष्ठांसमोर उभा राहून सांगेन की घड्याळं मी फिरवली होती, तीन दिवस गप्प मी बसलो होतो, ती नोंद माझ्या नावावर करा. अजून पाय उचलत नाही. पण तुमचं हे देणं फेडल्याशिवाय मी ह्या खोलीतून कायमचा बाहेर पडणार नाही.